पुस्तिकेत नाही, ते बिलात कशाला?

“गाडीच्या बाबतीत कंजुषी करू नये.” हे वाक्य आपल्याकडे इतक्या ठामपणे म्हटलं जातं की म्हणणाऱ्याला पुढे काही सिद्ध करावंच लागत नाही. सोसायटीच्या पार्किंगमध्ये, ऑफिसात डबा खाताना, लग्नाच्या पंगतीत कुणी सहज बोलून गेलं, “या वेळी सर्व्हिसिंगला चौदा हजार लागले हो, नेहमी सहा-सात होतात,” की आजूबाजूचे चौघे सरसावतात आणि त्यालाच शहाणपण शिकवतात. दहा लाखांची गाडी घेतलीस ना? मग दोन हजारांच्या डीकार्बनायझिंगला का रडतोस? सर्व्हिस सेंटर सांगेल ते निमूटपणे करून घेणं हे सुजाण माणसाचं लक्षण ठरलं आहे. “हे कशासाठी?” असं जो विचारतो, तो चिकट.

मी त्या चिकटांपैकी आहे, आणि या सुजाण मंडळींचा मला मनस्वी वैताग आला आहे.

त्यांचं म्हणणं नीट मांडायचं तर असं आहे. गाडीतलं आपल्याला काय कळतं? ज्याला कळतं त्याने सांगितलं की करावं. आज दोन हजार वाचवाल, उद्या इंजिन उघडायला साठ हजार घालाल. आपल्याकडची धूळ, आपलं ट्रॅफिक, आपलं भेसळीचं पेट्रोल पाहता परदेशी मापं इथे चालत नाहीत. शिवाय कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला नाही म्हटलं की उद्या वॉरंटीला नाट लागते. शेवटी, घरच्यांच्या जिवाचा प्रश्न आहे, तिथे हिशेब कसला करता? हा शेवटचा मुद्दा काढला की वाद संपतो, कारण बायको-मुलांच्या जिवापेक्षा दोन हजार मोठे आहेत असं कोण म्हणणार? पण एसीच्या जाळीत मारलेल्या सुगंधी फवाऱ्याने कुणाच्या जिवाचं काय राखलं जातं, हे मात्र कुणी सांगत नाही.

माझ्यासमोर एका साध्या पेट्रोल हॅचबॅकचं एस्टिमेट आहे. तीस हजार किलोमीटर झालेली गाडी. वरच्या भागात इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, ड्रेन प्लगचं वॉशर आणि लेबर. याबद्दल तक्रार नाही. त्याखाली दुसरी यादी: इंजिन फ्लश, फ्युएल सिस्टिम क्लीनर, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, डीकार्बनायझिंग, एसी इव्हॅपोरेटर क्लीनिंग, एसी डिसइन्फेक्टंट, ब्रेक क्लीनिंग आणि ग्रीसिंग, इंजिन ड्रेसिंग, रॅट रिपेलंट, अंडरबॉडी कोटिंग, इंटिरिअर एन्रिचमेंट. सगळ्यांत खाली ‘कन्झ्युमेबल्स’, म्हणजे मेकॅनिकने हात पुसलेल्या चिंध्यांचे पैसे. त्यावर 18 टक्के जीएसटी. दुसऱ्या यादीची बेरीज पहिल्या यादीपेक्षा जास्त. नाकापेक्षा मोती जड म्हणतात तो प्रकार. पण बेरजेपेक्षा मला वेगळीच गोष्ट खटकली. हा कागद प्रिंटरमधून बाहेर आला तेव्हा गाडी गेटजवळच उभी होती. लिफ्टवर चढली नव्हती, बॉनेटही उघडलं नव्हतं. मग इंजिनात कार्बन साठल्याचं पाहिलं कुणी? थ्रॉटल बॉडी मळलेली आहे हे कळलं कशावरून? मीटरवरचा आकडा बघून? तपासणीआधीच निदान छापून तयार असेल, तर तपासणीचे पैसे तरी कशाला लावता?

यावर ठरलेलं उत्तर येतं: डॉक्टरने टेस्ट सांगितली तर तुम्ही वाद घालता का?

घालतो की! डॉक्टर आणि लॅब यांच्यातल्या कमिशनवरून महाराष्ट्रात एवढी ओरड झाली की 2017 मध्ये राज्य सरकारला कट प्रॅक्टिस रोखणाऱ्या कायद्याचा मसुदा करायला समिती नेमावी लागली. ज्याला औषधातलं ओ की ठो कळत नाही, तोही आज सेकंड ओपिनियन घेतो आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. मग ज्याला दर महिन्याला ‘एवढ्या गाड्यांवर एवढे ॲड-ऑन’ असं टार्गेट असतं, ज्याचा इन्सेन्टिव्ह त्या दुसऱ्या यादीवर ठरतो, त्याचा शब्द तेवढा वेदवाक्य कसा? समोर टॅब घेऊन बसलेला सर्व्हिस ॲडव्हायझर बिचारा सभ्य असतो, चहा विचारतो, ‘सर’ म्हणतो. पण तो विक्रीवर नेमलेला माणूस आहे. नव्या गाडीवर डीलरला सुटतं ते तुटपुंजं, शोरूमचा डोलारा बराचसा वर्कशॉपच्या कमाईवर उभा असतो, हे या धंद्यात कुणीही सांगेल. तेव्हा आपल्याला मिळतो तो सल्ला तज्ज्ञाचा असतो, हे गृहीतकच कच्चं आहे.

खऱ्या तज्ज्ञाचा सल्ला आपल्याला गाडीबरोबर फुकट मिळालेला असतो. ग्लोव्ह बॉक्समध्ये, प्लास्टिकच्या पाकिटात, बहुतेकांकडे न उघडलेला. गाडी ज्यांनी डिझाइन केली, हजारो तास चालवून पाहिली, पुण्यात वेताळ टेकडीवरच्या एआरएआयसारख्या संस्थांमध्ये ज्यांच्या कामाची कसोटी लागली, त्या इंजिनिअरांनी लिहिलेली ही पुस्तिका आहे. तिच्यात एक तक्ता असतो. आडव्या ओळीत किलोमीटर आणि महिने, उभ्या रकान्यात भाग, आणि प्रत्येक चौकोनात ‘तपासा’ किंवा ‘बदला’. ऑइल कोणत्या ग्रेडचं, किती लिटर, स्पार्क प्लग कधी, कूलंट कधी, ड्राइव्ह बेल्ट कधी बघायचा, सगळं त्यात आहे. टायरमध्ये दोन माणसं असताना हवा किती आणि पाच असताना किती, इथपर्यंत बारकावा. एवढं सगळं ज्यांना सुचलं, त्यांना इंजिन फ्लश तेवढा सुचला नाही? की तीस हजार किलोमीटरला कार्बन खरवडायचा असतो हे जपानातल्या आणि कोरियातल्या इंजिनिअरांना ठाऊक नव्हतं, ते आपल्या हायवेवरच्या शोरूममध्ये शोधून काढलं गेलं?

या कार्बनच्या भीतीला इतिहास आहे, आणि तो सांगितल्याशिवाय ती जाणार नाही. फियाट-पद्मिनी आणि ॲम्बॅसेडरच्या जमान्यात डीकार्बनायझिंग हे खरंखुरं, घाम गाळायचं काम होतं. कार्बुरेटर पेट्रोल आणि हवेचं मिश्रण अंदाजपंचे करायचा. चोक ओढून गाडी सुरू केली की पेट्रोल जास्त आणि जळणं अर्धवट. त्यात शिसं घातलेलं पेट्रोल आणि आजच्या मानाने गावठी ऑइल. सिलिंडरमध्ये काजळीचे थर बसायचे, चढावर इंजिन खडखडायचं, इग्निशन बंद केलं तरी दोन आचके देऊन मग थांबायचं. मग मिस्त्री हेड उतरवायचा, पिस्टनवरचा कार्बन खरवडून काढायचा, व्हॉल्व्ह ग्राइंड करायचा, नवं गॅस्केट टाकायचा. आजोबांच्या पिढीने हे डोळ्यांनी पाहिलं आणि त्यासाठी पैसेही मोजले. ते योग्यच होतं.

पण 2000 साल उजाडलं आणि गाडीचं पोटच बदललं. त्या वर्षी 1 फेब्रुवारीपासून देशभर शिसंविरहित पेट्रोल आलं. प्रदूषणाचे नियम कडक झाले, कार्बुरेटर गेला, मारुती 800 मध्येसुद्धा फ्युएल इंजेक्शन आलं. आता एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर सतत सांगत असतो की जळणं कसं झालं, आणि ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, त्याप्रमाणे पेट्रोलचं प्रमाण क्षणोक्षणी जुळवून घेतो. एप्रिल 2020 पासूनच्या बीएस-6 गाड्यांत तर याहून जास्त काटेकोरपणा आहे. काजळीचा कारखाना बंद पडला; काजळीची भीती मात्र वारसाहक्काने पुढच्या पिढीकडे आली, आणि ती कुणाच्या उपयोगाची आहे हे धंद्याने बरोबर ओळखलं. आजचं डीकार्बनायझिंग म्हणजे काय, तर इनटेकला एक नळी लावायची, कॅनमधलं रसायन किंवा मशिनमधला वायू आत सोडायचा आणि अर्धा तास इंजिन चालू ठेवायचं. काही उघडायचं नाही, आधी पाहायचं नाही, नंतर दाखवायचं नाही. आजोबांचा मिस्त्री निदान खरवडलेला कार्बन कागदावर काढून दाखवत तरी होता.

एक सूट देतो, कारण ती द्यायलाच हवी. काही टर्बो पेट्रोल गाड्यांत डायरेक्ट इंजेक्शन असतं. त्यांत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये पडतं, इनटेक व्हॉल्व्ह त्याने धुतले जात नाहीत, आणि ऑइलच्या वाफेचा थर त्यांवर खरोखर चढत जातो. गाडी बरीच चालल्यावर, पिकअप पडल्यावर, तिथे सफाई लागू शकते. पण ती करणारा आधी मॅनिफोल्ड काढतो, आत कॅमेरा घालून थर बघतो आणि अक्रोडाच्या कवचाचा बारीक भुगा दाबाने मारून व्हॉल्व्ह साफ करतो. ते काम वेगळं, त्याची गाडी वेगळी, त्याची वेळ वेगळी. आपल्याकडच्या बहुतेक साध्या हॅचबॅकमध्ये पोर्ट इंजेक्शन आहे, म्हणजे पेट्रोल व्हॉल्व्हवरूनच आत जातं. या अपवादाच्या आडून सगळ्यांच्या बिलात कॅन घुसवायचं काही कारण नाही.

इंजिन फ्लशचं तर आणखी हसू येतं. आजच्या इंजिन ऑइलमध्ये मळ सोडवणारी डिटर्जंट आणि सोडवलेला मळ तरंगत ठेवणारी डिस्पर्संट मुळातच घातलेली असतात. म्हणून तर चार-पाच हजार किलोमीटरमध्येच ऑइल काळं पडतं. ते काळं पडतं कारण ते काम करतंय. आणि ॲडव्हायझर तेच डिपस्टिकवर दाखवून घाबरवतो! वेळच्या वेळी ऑइल बदललं की इंजिन धुतलं गेलंच. ज्याने कधी वेळेवर बदललं नाही त्याच्या इंजिनात गाळ असतो खरा, पण तिथे फ्लश टाकला तर तो गाळ सुटून ऑइल पंपाच्या जाळीत अडकायची भीती. म्हणजे ज्याला गरज नाही त्याला उपयोग नाही, आणि ज्याला गरज वाटते त्याला धोका.

बाटलीतून इंजिनाला अमृत पाजण्याचा धंदा काही आजचा नाही. अमेरिकेत ‘स्लिक 50’ नावाचं ऑइलमध्ये मिसळायचं रसायन खूप खपत होतं. इंजिनाची झीज कमी होते, असा त्याच्या जाहिरातींचा डांगोरा. 1996 मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने हात घातला, या दाव्यांना पुरेसा आधार नाही असं म्हणत तक्रार दाखल केली, आणि पुढच्या वर्षी कंपनीला तडजोड करून दावे आवरते घ्यावे लागले. अशाच इतर रसायनांच्या दाव्यांवरही त्या कमिशनने कारवाई केली. तिथे जाहिरातीला पुरावा मागणारं कुणीतरी होतं. इथे आपण जॉब कार्डावर सही करतो आणि घरी येऊन दुसऱ्याला सांगतो, “मी तर बाबा दर वेळी टाकून घेतो.” आता 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल पंपावर आलं, लोक धास्तावले, आणि बघता बघता ‘इथेनॉल प्रोटेक्टर’च्या बाटल्या काउंटरवर मांडल्या गेल्या. भीती नवी, बाटली नवी, पुरावा मागण्याचा कंटाळा तोच.

“पण करून घेतल्यावर गाडी केवढी स्मूथ झाली!” हा अनुभवाचा दाखला प्रत्येक वादात येतो. होणारच स्मूथ. त्याच दिवशी ताजं ऑइल पडलं, एअर फिल्टर नवा बसला, चारही टायरांत हवा नीट भरली गेली, गाडी धुऊन-पुसून समोर आली, आणि खिशातून चौदा हजार गेल्यावर गाडी सुधारलीच पाहिजे असं मनानेही ठरवलं. कावळा बसला तेव्हाच फांदी तुटली. खात्री करायची असेल तर फक्त ऑइल-फिल्टर बदलून बघा. तेवढीच स्मूथ होते.

नायट्रोजनवर फार शाई घालवत नाही. आपण श्वासात घेतो त्या हवेत 78 टक्के नायट्रोजनच आहे, आणि ती पंपावर फुकट मिळते. विमानाच्या टायरांत नायट्रोजन असतो त्याला कारणं आहेत: आकाशात गोठवणारी थंडी, उतरताना ब्रेकची भट्टी, आगीचा धोका. कर्वे रोडवर तासाला पंधरा किलोमीटरने सरकणाऱ्या गाडीचा त्याच्याशी काय संबंध? अमेरिकेतल्या ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ने वर्षभर टायर तसेच ठेवून पाहिले. साध्या हवेचे सरासरी 3.5 पीएसआय उतरले, नायट्रोजनचे 2.2. बारा महिन्यांत फरक सव्वा-दीड पीएसआयचा! महिन्याला एकदा हवा तपासणाऱ्याला तो जाणवणारही नाही, आणि जो तपासतच नाही, त्याचे टायर नायट्रोजन भरूनही उतरतातच.

एसीचं एकच सांगतो. वास येतो तो ओल्या इव्हॅपोरेटरवर बुरशी धरते म्हणून. घर जवळ आलं की दोन-चार मिनिटं आधी एसी बंद करून नुसता पंखा चालू ठेवला, तर आतली ओल वाळते आणि वास धरत नाही. केबिन फिल्टर बहुतेक गाड्यांत ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो. नाना पेठेत तो काही शे रुपयांना मिळतो आणि पाना-पक्कड न लावता बसवता येतो. मग वरच्या एस्टिमेटमधलं ‘इव्हॅपोरेटर क्लीनिंग’ आणि ‘डिसइन्फेक्टंट’ या एकाच रोगाच्या दोन नोंदी कशासाठी, हे ज्याने छापलं त्यालाच माहीत.

सिरॅमिक कोटिंगवाले ‘9एच हार्डनेस’ असा छाती पुढे काढून दावा करतात. 9एच ही पेन्सिलीची मोजपट्टी आहे. कठीण शिशाच्या पेन्सिलीने ओरखडा उठत नाही, एवढाच तिचा अर्थ. एक्सप्रेस-वेवर पुढच्या डंपरमधून उडालेला खडा पेन्सिलीचा नसतो. चमकेची हौस असेल तर जरूर करा, हौसेला मोल नसतं. फक्त तिला गाडीची निगा म्हणू नका. अंडरबॉडी कोटिंगबद्दल रत्नागिरी-मालवणच्या वाचकांना मी जरा सांभाळून बोलेन, कारण खाऱ्या वाऱ्यात पत्रा खरंच गंजतो. पण कारखान्यातच गाडीचा अख्खा सांगाडा प्रायमरच्या टाकीत बुडवलेला असतो, सांध्यांवर पीव्हीसीचा थर असतो. पावसाळ्यानंतर खालून साध्या पाण्याने चिखल धुणं आणि दाराखालची पाणी निघायची भोकं मोकळी ठेवणं याने जेवढं होतं, तेवढं घाईत मारलेल्या काळ्या डांबरट फवाऱ्याने होत नाही. ओल्या चिखलावरच तो मारला, तर गंजाला पांघरूण घातल्यासारखं. आणि पुण्या-नाशकात, नागपुरात, जिथे समुद्र लांब आणि बर्फासाठी रस्त्यावर मीठ टाकायची वेळ कधी येत नाही, तिथे ते कशाकरता?

आता त्यांचा सर्वांत भारदस्त मुद्दा: आपल्याकडची परिस्थिती वेगळी. धूळ, ट्रॅफिक, उकाडा. हे मान्य करून पुस्तिकेकडे वळलं, तर असं दिसतं की पुस्तिकेलाही ते मान्य आहे! बहुतेक पुस्तिकांत दुसरा एक तक्ता असतो, खडतर वापरासाठी. धुळीचा रस्ता, सारखी थांबत-थांबत चालणारी गाडी, छोट्या-छोट्या फेऱ्या, हे सगळं त्यात नाव घेऊन लिहिलेलं असतं. त्यावर उपाय काय सांगितला आहे? ऑइल लवकर बदला, एअर फिल्टर लवकर तपासा आणि बदला. बस. इंजिनावर चकचकीत ड्रेसिंग मारा असं कुठे लिहिलेलं नाही. त्या ड्रेसिंगने रबर आणि प्लास्टिक चार दिवस चमकतं, मग त्याच चिकटपणावर आपल्याकडची ती प्रसिद्ध धूळ बसते.

वॉरंटीचा बागुलबुवा तर कायद्याने केव्हाच फोडला आहे. 25 ऑगस्ट 2014 रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा कार कंपन्यांना मिळून सुमारे 2,545 कोटी रुपयांचा दंड ठोठावला. अपराध हा की स्पेअर पार्ट आणि तपासणीची उपकरणं बाहेरच्या गॅरेजांपर्यंत पोचू न देता त्यांनी ग्राहकाला बांधून ठेवलं. त्याच आदेशात आयोगाने सांगितलं की ग्राहक बाहेरच्या गॅरेजात गेला एवढ्यावरून वॉरंटी सरसकट रद्द करता येणार नाही. बाहेरच्या सदोष कामाने जे नुकसान झालं असेल, तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल. प्रकरण पुढे अपिलांत गेलं, दंडाच्या रकमेवर वाद झाले, पण आयोगाने मांडलेला मुद्दा साधा आहे. आता विचार करा, बाहेर जाऊन काम करून घेतल्यानेसुद्धा वॉरंटी सरसकट जात नसेल, तर कंपनीच्याच सेंटरमध्ये बसून एसीचा फवारा नको म्हटल्याने कशी जाईल? वॉरंटी टिकवण्यासाठी काय करायचं ते त्याच पुस्तिकेत लिहिलेलं असतं, आणि त्यात डीकार्बनायझिंग नसतं. ग्राहक चळवळीचा झेंडा बिंदुमाधव जोशींनी 1974 साली ज्या पुण्यात उभारला, त्या पुण्यातली सुशिक्षित माणसं ‘वॉरंटी जाईल’ एवढ्या दोन शब्दांवर मान तुकवतात, याचं मला राहून राहून आश्चर्य वाटतं.

आणि जिवाचा प्रश्न? चला, तोच घेऊ. ब्रेक ऑइल हवेतली आर्द्रता शोषून घेतं. जुनं झालं की त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. ताम्हिणी किंवा आंबेनळी घाट उतरताना सारखा ब्रेक दाबला की ते तापतं, त्यात बुडबुडे धरतात, आणि पाय थेट खाली जातो. बहुतेक पुस्तिका दोन वर्षांनी ते बदला असं सांगतात. वरच्या एस्टिमेटमध्ये, रॅट रिपेलंटपासून इंटिरिअर एन्रिचमेंटपर्यंत सगळं असलेल्या त्या कागदावर, ब्रेक ऑइल नव्हतं. गाडीला अडीच वर्षं झाली होती. मी विचारलं तेव्हा ॲडव्हायझर म्हणाला, “लेव्हल ओके आहे सर.” लेव्हल कोण विचारतंय? ऑइल किती जुनं आहे, हा प्रश्न होता. टायरचंही तेच. टायरच्या कडेवर चार आकडे छापलेले असतात. 2319 असेल तर तो टायर 2019 च्या तेविसाव्या आठवड्यात बनला. रबर म्हातारं होतं, नक्षी शिल्लक असली तरी. हे आकडे वाकून वाचायला कुणालाही पैसे पडत नाहीत, म्हणूनच बहुधा कुणी वाचत नाही. वायपरची पाती, स्टेपनीतली हवा, हेडलाइटची दिशा यांतही मार्जिन नाही. जिवाची काळजी ज्यांच्या तोंडी सारखी असते, त्यांच्या यादीत जिवाशी संबंधित गोष्टीच कशा गळतात? कारण गाडीला काय हवंय हे पाहून ती यादी केलेलीच नाही. शेल्फवर काय शिल्लक आहे ते बघून केलेली आहे.

राहिलं “दोन हजारांनी काय होतं?” हा प्रश्न विचारणाऱ्यांना त्याचं उत्तर ठाऊक असतं: त्यांचं काही होत नाही. पण त्यांनी उडवलेल्या दोन-दोन हजारांनी एक प्रथा पडते, आणि मग सेकंड हँड वॅगनआर हप्त्यावर घेतलेल्या माणसालाही तीच यादी तितक्याच ठसक्याने पुढे केली जाते. नाही म्हणताना तो ओशाळतो, कारण मागे उभ्या असलेल्या साहेबांनी न विचारता सही केलेली असते. कधी एखाद्या टॅक्सीवाल्याला विचारा. मुंबई-पुणे करणाऱ्या डिझायर आणि अर्टिगा दोन-दोन, तीन-तीन लाख किलोमीटर पळतात. ज्याची चूल त्या गाडीवर पेटते, ज्याची गाडी एक दिवस उभी राहिली तर हप्ता चुकतो, त्याच्याइतकी गाडीची काळजी दुसऱ्या कुणाला असणार? तो ऑइल वेळेवर बदलतो, फिल्टर बदलतो, ब्रेक पॅड बघतो, कूलंट बघतो. डीकार्बनायझिंगचं नाव काढलं तर तो हसतो. गाडी जपण्यात तो कंजुषी करतो, असं कुणाची म्हणायची छाती आहे?

तेव्हा सुजाण मंडळींना माझं सांगणं स्पष्ट आहे. जॉब कार्डावर सही करण्याआधी पुस्तिका उघडून तक्त्याचं पान ॲडव्हायझरपुढे धरा. त्यात असेल ते सगळं करा, एक दिवसही लांबवू नका, आणि ओरिजिनल पार्ट टाका. त्यात नसेल त्याच्यासाठी विचारा: काय बिघडलंय, कशाने मोजलं, दाखवा. अलाइनमेंट हवी असेल तर गाडी एका बाजूला ओढतेय का, टायर आतून झिजलाय का, ते दाखवा. बदललेला जुना भाग डिकीत ठेवायला सांगा. यातलं काही जमत नसेल, तर ती ओळ खोडा. तो मुलगा तोंड पाडेल. त्याचं टार्गेट त्याच्या मालकाने ठरवलंय, ते आपण भरून देण्याचं कारण नाही.

आणि कंपन्यांना एकच आव्हान. तुमच्या शोरूममध्ये, तुमच्या बोर्डाखाली, तुमच्या गणवेशातला माणूस रोज शेकडो ग्राहकांना सांगतो की इंजिन फ्लश आणि डीकार्बनायझिंग गाडीसाठी आवश्यक आहे. ते खरं असेल तर छापा ना! ऑइलची ग्रेड छापता, टायरमधली हवा छापता, मग पुढच्या आवृत्तीत तक्त्यात एक ओळ वाढवा: ‘तीस हजार किलोमीटर, डीकार्बनायझिंग, आवश्यक’. खाली तुमच्या मुख्य इंजिनिअरची सही असू द्या. ती ओळ छापून आली की पैसे मोजणाऱ्यांच्या रांगेत मी सगळ्यांच्या पुढे उभा राहीन. छापत नसाल, तर निदान तुमच्या माणसाला ती तोंडी म्हणायला लावू नका.